पाठमोरा बाजार

रविवार, ६ एप्रिल

दिवाळीनंतर आज लिहिते आहे. इतके महिने गप्प राहिले याची माफी कुणाकडे मागावी ते कळत नाही. वहीकडे मागावी तर नाटकी वाटतं, स्वतःकडे मागावी तर फारच स्वस्तात सुटका होते. तरी मागते. वेळ नव्हता असं नाही. एक गोष्ट लिहिली असती तर ती खरी झाली असती, म्हणून लिहिली नाही.

ती गोष्ट अशी. स्टेशन रोडजवळ एक कलासंस्था आहे. तिथं चित्रकलेचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि त्याला वयाची अट नाही. वर्ग सकाळचे, म्हणजे नेमके माझ्या कॉलेजच्या वेळेत. एकवीस वर्षं मी ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते आहे. जायचं तर दोन वर्षं बिनपगारी रजा. अर्ज दोन जूनपर्यंत.

फळ्यावर जास्वंदीचा उभा छेद काढते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा बोलणं थांबवून बघतात. त्या वेळी जे वाटतं ते चित्रकाराला वाटणारं असतं, की शिक्षिकेला? हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जुलैत सेहेचाळीस पूर्ण होतील. या वयात हे विचारणं बरोबर आहे का, हेही ठरवता आलेलं नाही.

कपाटात माझे रंगांचे दोन डबे आहेत. एक कागदाचा, दुसरा चेहऱ्यांचा. कॉलनीत कुणाचा साखरपुडा असला, बघण्याचा कार्यक्रम असला की निरोप येतो, "चारुताताईंकडून साधा मेकअप करून घेऊ." पार्लरवाल्या थापतात, मी थापत नाही, अशी माझी ख्याती. थोडं फाउंडेशन, काजळ, ते अनामिकेनं किंचित पसरवायचं, टिकली. फेब्रुवारीत माझी जुनी विद्यार्थिनी प्रेरणा हिच्या साखरपुड्याला असाच केला. तिची उजवी भुवई जरा वर चढलेली आहे, कायम काहीतरी विचारत असल्यासारखी. पेन्सिलीनं ती डावीच्या रेषेत आणली. सगळे म्हणाले, किती गोड दिसते. मलाही तसंच वाटलं.

मंगळवार, ८ एप्रिल

आज संस्थेत जाऊन राजेंद्र सरांना चित्रं दाखवली. ते तिथं शिकवतात आणि प्रवेशाचंही तेच बघतात. खोलीत टर्पेंटाइनचा वास होता आणि खिडकीतून येणारा उजेड जमिनीवर दुधासारखा सांडलेला. तिथून हलूच नये असं वाटत होतं.

सरांनी एकेक कागद उलटला. गुलमंडीवरची कापडाची दुकानं, वेरूळच्या रस्त्यावरचे सीताफळवाले, आमचं गॅदरिंग. मग चष्मा कपाळावर नेला.

"मॅडम, ही सगळी माणसं कुठं चालली आहेत?"

"म्हणजे?"

"सगळी पाठमोरी. तुमच्यावर रुसलीत का काय?"

मी बघितलं. खरंच. एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. मग आठवलं. सातवीत एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले होते. स्मरणचित्राला विषय होता, आठवडी बाजार. आमच्या बाई सांगायच्या, "चेहरे काढत बसू नका गं. वेळ जातो अन् मार्कही जातात. बाई पाठमोरी काढा, अंबाडा घाला, डोक्यावर पाटी द्या, झालं." मी तशाच बायका काढल्या आणि ए ग्रेड मिळवली.

हे सांगितलं तर सर इतके हसले की बाहेरची मुलं डोकावली. "मीही शाळेत हेच शिकवलं, मॅडम. अख्ख्या महाराष्ट्राचा बाजार पाठमोरा आहे!" मग गंभीर झाले. "तुमच्या रेषेला काही म्हणत नाही मी. पण अर्जासोबत तीन चेहरे आणा. समोरून. दोन आठवून काढले तरी चालतील. एक मात्र माणूस समोर बसवून. तासभर तरी. फोटोवरून नको."

रात्री जेवताना मधुसूदनला सांगितलं. (समोर मी 'अहो' म्हणते. नावानं फक्त इथं लिहिते. तेवढंच माझं बंड.)

"अच्छा," तो म्हणाला. "समोरून?"

"हो."

"तासभर?"

"हो, निदान."

"आमटीत मीठ जरा कमी झालंय."

प्रवेशाबद्दल एक शब्द नाही. महिन्यापूर्वी विचारलं होतं तेव्हा म्हणाला होता, "कर की. मी कुठं नाही म्हणलं?" नाही न म्हणणं आणि हो म्हणणं यात केवढं अंतर आहे, ते वाळूजच्या कंपनीत क्वालिटी तपासणाऱ्या माणसाला कळायला हवं. हे लिहिलं आणि लगेच वाटलं, मी त्याच्यावर अन्याय करते आहे. पण खोडत नाही.

रविवार, १३ एप्रिल

सरावाला काहीतरी हवं म्हणून हॉलची पूर्वेची खिडकी काढायला घेतली. जाळी, मोगऱ्याची कुंडी, पडद्यातून गाळून येणारा पिवळा उजेड. तर मधुसूदन नेमका तिथंच खुर्ची टाकून, पेपर घेऊन, माझ्याकडे तोंड करून बसला.

"अहो, जरा सरकता का? उजेड अडतोय."

"मी काय करायलोय तुला? बसलोय नुसता."

"आत पलंगावर वाचा ना."

"इथं बरं वाटायलंय."

भांडायला सकाळ फार सुंदर होती. त्याची जागा कोरी सोडली आणि भोवतीची खिडकी काढली. उठला की तेवढं भरून टाकू म्हटलं. उठलाच नाही. एरवी रविवारी याच्या पायाला भिंगरी असते.

समोर बसवायला शेजारच्या अमृताला विचारलं. ती हौसेनं आली आणि पहिलं वाक्य, "ताई, आधी तुमचा तो साधा मेकअप करून द्या, मग काढा." करून दिला. तोवर तिच्या आईनं हाक मारली.

गुरुवार, १७ एप्रिल

नळाला पाणी आलं. टाक्या, हंडे, बादल्या भरता भरता दुपार झाली. भरलेल्या टाकीत डोकावले तर माझाच चेहरा हलत होता आणि वर निळं आभाळ. तोही धड दिसेना.

पहाटे स्वप्न पडलं होतं. मोठा बाजार, धुक्यातला. बायकांच्या पाठी, अंबाडे, पाट्या. सगळ्या ओळखीच्या. मी नावानं हाका मारते, पण कुणी वळत नाही. रागानं नव्हे. मान कशी वळवायची हेच त्यांना ठाऊक नाही, कारण मी त्यांना ते दिलेलंच नाही. जाग आली तेव्हा भीती वाटत नव्हती. लाज वाटत होती, आणि ती फार मऊ होती.

रविवार, २० एप्रिल

मधुसूदन आपणहून म्हणाला, "चल, वेरूळला जाऊन येऊ. तुला चेहरे पाहिजेत ना?" पूर्वी दोनदा म्हटलं होतं तेव्हा याची शिफ्ट आडवी आली होती. असो.

लेण्यात उन्हाळ्यातही गारवा होता. कितीतरी मूर्तींचे चेहरे झिजून गेलेत. नाक नाही, ओठ नाहीत, आणि तरी त्या कुणाकडे तरी बघत असतात. मी एकीसमोर खूप वेळ उभी राहिले. चेहरा नसूनही ती समोर बघते, आणि माझी माणसं सगळं असून पाठ फिरवतात. काढायला कागद घेतला आणि काढला तो खांब.

मधुसूदन पायरीवर उन्हात बसला होता, अगदी स्थिर, मान जराशी वर.

"टोपी घाला, ऊन लागेल."

"टोपीनं तोंडावर सावली पडते."

"मग पडू द्या की!"

"बरं," म्हणाला आणि घातली. येताना गाडीत फार बोलला नाही. उन्हानं डोकं दुखत असावं.

रविवार, २७ एप्रिल

एक नोंद करून ठेवते. मधुसूदन रविवारी दाढी करायला लागलाय. लग्नाला बावीस वर्षं झाली, रविवारी दाढी नाही हा त्याचा नेम होता. आज दाढी, वर इस्त्रीचा निळा शर्ट, आणि पुन्हा खिडकीत पेपर.

"कुठं जायचंय का?"

"नाही गं."

"मग हा थाट?"

"थाट कशाचा? शर्ट हाय, घातला."

मिहिरला फोनवर सांगितलं. तो पुण्याहून हसायला लागला, "आई, बाबांना कुणीतरी भेटलं!" मीही हसले. नंतर भांडी लावताना उगीचच विचार करत राहिले, वाळूजला त्यांच्याकडे नवीन कोण आलंय. मग स्वतःचाच राग आला. खिडकी पुन्हा काढली, पुन्हा मधली जागा कोरी.

शुक्रवार, ९ मे

काल पिशोरला प्रेरणाचं लग्न होतं. मेकअप मीच करायचा, हे साखरपुड्यालाच ठरलं होतं. सकाळीच पोचले. मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत ती खुर्चीत बसली, मी डबा उघडला. आयब्रो पेन्सिल रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून टोक करून नेली होती. तशी केली की टोक मोडत नाही.

उजव्या भुवईला हात घातला तेवढ्यात तिची आत्या सारजाबाई येऊन टेकली. हातात मोबाइल, त्यात साखरपुड्याचा फोटो.

"ताई, ही कोण व्हय?"

"प्रेरणाच की."

"आमची प्रेरणा? मला वाटलं तुमची बहीणबिहीण आली का काय."

बायका हसल्या. मीही हसले. सारजाबाई हसल्या नाहीत.

"माझ्या भावाचं तोंड पुसलं तुम्ही."

"आत्या, गप ना तू," प्रेरणा म्हणाली.

"का गप? ती भुवई कडुबाची हाय. तो गेला अन् पोरीच्या तोंडावर तेवढी ठेवून गेला. कुणी खोटं बोललं का अश्शी वर जायची त्याची. ती बी तुम्ही खाली आणली. लई गोड दिसली पोरगी, नाय म्हणत न्हाय मी. पण ती आमची न्हवती."

कडुबा, प्रेरणाचे वडील, तीन वर्षांपूर्वी गेले. ती बारावीत होती तेव्हा ते एकदा कॉलेजला भेटायला आले होते. मी मार्कांबद्दल काही सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं होतं, ते त्या क्षणी आठवलं. तीच भुवई. मला ती माहीत होती आणि तरी मी ती बघितली नव्हती.

प्रेरणा आरशातून हळूच म्हणाली, "ताई, राग नका मानू. आज राहू देता का ती?"

पेन्सिल माझ्या हातात तशीच होती. ती खाली ठेवली. मग ओल्या कापसानं लावलेलं सगळं पुसून काढलं आणि तिच्यासमोर बसले. तिच्याकडे बघितलं. भुवईच्या वर कांजिण्यांचा एक खळगा आहे. हसली की डावा डोळा आधी बारीक होतो. सहा-सात वर्षं ओळखते आहे मी या मुलीला. खोलीत उकडत होतं, बाहेर बँडवाले एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून बघत होते, आणि मला वाटलं, मी अगदी तळाशी पाण्यात बसले आहे आणि वरून एक चेहरा हळूहळू स्पष्ट होत येतो आहे. मग थोडंसं काजळ, थोडी लिपस्टिक, टिकली, मुंडावळ्या. भुवईला हात लावला नाही.

सारजाबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. "हां. आता माझी पोर दिसायली." आणि मला म्हणाल्या, "जेवल्याबिगर जायचं नाय हां."

आज सकाळी मोबाइलमधले जुने फोटो काढून बघितले. मी सजवलेल्या सगळ्या मुली. सगळ्यांच्या भुवया एका पट्टीत, ओठांचे कोपरे सारखे. सगळ्या बहिणी. वर्गात मी द्विपार्श्व सममिती शिकवते. डावी बाजू उजवीसारखी. ती फुलपाखराला उडायला लागते. साखरपुड्याला लागत नाही. जे मी कागदावर पाठ फिरवून करत होते, तेच चेहऱ्यावर रंग लावून करत होते की काय? लोक ज्याला साधेपणा म्हणत होते, तो माझा न बघण्याचा सराव असेल का? हे फार कडक होतंय, पण खोटं वाटत नाही.

रविवार, ११ मे

प्रेरणाचा चेहरा आठवून काढला. समोरून. आधी फक्त ती भुवई काढली. कागदाच्या मधोमध एकटी भुवई, काहीतरी विचारणारी. मग बाकीचं तिच्याभोवती येत गेलं. नाक लांब झालंय. पण तिच्या आईनं बघितलं तर विचारणार नाही की ही कोण.

खिडकीत मधुसूदन होता. "झालं का?" म्हणाला. दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं. "ही बघायलीय आपल्याकडं," एवढंच म्हणाला आणि पुन्हा जाऊन खुर्चीत बसला, आधीपेक्षा ताठ.

शनिवार, १७ मे

सारजाबाईंचा चेहराही आठवून जमला. त्यांच्या कपाळावरचं गोंदण आधी काढलं, मग बाकीचं.

पहाटे पुन्हा तो बाजार. धुकं तेच. पाटीवाली एक बाई थांबली आणि अर्धी वळली. गाल आणि कानातली कुडी दिसली. मी श्वास रोखून धरला. तेवढ्यात दूधवाल्यानं बेल वाजवली.

रविवार, २५ मे

तिसरा चेहरा नाही. अमृता परीक्षेत अडकलीय. मिहिर व्हिडिओ कॉलवर बसला, पण दर मिनिटाला गोठतो आणि पुन्हा हलतो. आणि तो पडद्यातला चेहरा, समोरचा नव्हेच.

"कुणी बसणारं मिळालं का?" मधुसूदननं खिडकीतून विचारलं.

"नाही ना. तासभर नुसतं कोण बसतं हो हल्ली?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "खरंय," म्हणाला.

माझं लक्ष त्याच्या हातातल्या पेपराकडे गेलं. "हा कालचा आहे. शिळा पेपर काय वाचताय?"

"बातम्या काय, त्याच असतात."

आज खिडकीचा उजेड फार देखणा होता. पाचवी की सहावी खिडकी काढली, कोण जाणे. पण खिडकी म्हणजे चेहरा नाही. दोन चेहऱ्यांवर अर्ज देता येत नाही. कदाचित हाच कौल आहे. रजेचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता, तो बाहेर काढला, वाचला, परत ठेवला. नाही गेले तर कुणाचं काय बिघडणार आहे? जास्वंद आहेच, फळा आहेच. हे लिहिता लिहिता ड्रॉवर पुन्हा उघडला. म्हणजे माझं बिघडणार आहे. निदान इथं तरी कबूल करते.

शनिवार, ३१ मे

संध्याकाळी सगळं आवरायला घेतलं. म्हटलं, अर्ज द्यायचाच नाही तर कागद तरी बांधून माळ्यावर टाकू. खिडकीची चित्रं हॉलच्या फरशीवर एकाशेजारी एक मांडली, मोठ्या कागदाखाली लहान ठेवायला.

आणि तशीच खाली बसले.

प्रत्येक चित्रात मध्यभागी एक पांढरी जागा. भोवती जाळी, मोगरा, पडदा, सगळं नीट छटा देऊन काढलेलं. आणि मधे एक माणूस कोरा. पहिल्या चित्रात जरा वाकलेला. पुढच्यात खांदे सरळ. शेवटच्यात मान किंचित वर, उजेडाकडे, पेपर पार गुडघ्यापर्यंत खाली, म्हणजे तोंडावर सावली पडू नये. डावा कान उजव्यापेक्षा थोडा बाहेर, तोही रेषेत आलाय. त्याच्याभोवतीचा उजेड मी इतका मन लावून काढलाय की तो तिथं नाही असं म्हणताच येत नाही.

समोरून? तासभर? आमटीत मीठ जरा कमी झालंय.

किती वेळ बसले होते, ठाऊक नाही. उजेड जाऊन फरशी निळी झाली आणि पांढऱ्या जागा तेवढ्या दिसत राहिल्या. मधुसूदन कंपनीतून आला, दारात चप्पल काढता काढता थबकला. त्यानंही ती रांग बघितली.

"काय गं? अंधारात काय करायलीस?"

मला कितीतरी बोलायचं होतं. "काही नाही," म्हटलं.

"दिवा लावू?"

"नको. थांबा जरा."

तो थांबला. शनिवारचा, दिवसभराच्या कामाचा चेहरा. हनुवटीवर खुंट वाढलेले. डावीकडे पांढरे जास्त, उजवीकडे काळे अजून टिकून, दोन्ही बाजू अजिबात सारख्या नाहीत. वरच्या ओठापाशी एक ठिकाण आहे, तिथं कधी उगवतच नाही. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मी बघितलंही नव्हतं. दर रविवारी तो हे सगळं खरवडून, गुळगुळीत होऊन, निळा शर्ट घालून माझ्यासमोर येऊन बसत होता. त्याचा साधा मेकअप.

"चहा टाकू?" त्यानं विचारलं.

"टाका."

रजेच्या अर्जावर सही केली. दोन्ही अर्ज सोमवारी देते. जमेल की नाही ते माहीत नाही. नाक लांब होईल बहुतेक.

उद्या: मधुसूदनला उठल्याबरोबर सांगणे, दाढी करू नकोस.